सही तुझी, अक्षर कुणाचं?

गणू, परवा शाळेच्या पटांगणात तुझी शोकसभा झाली. हार घालायला दोन्ही पक्षांचे पुढारी आले होते. सत्तेतले आले, त्यांच्यातून फुटून निघालेलेही आले, आणि एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसले. एकानं माइक हातात धरून सांगितलं, "गणपतराव राजकारणाच्या पलीकडचे होते." दुसरा म्हणाला, "त्यांना पक्ष नव्हता. शाळा हाच त्यांचा पक्ष होता." लोकांनी माना डोलावल्या. मी खुर्चीत बसून दातओठ खात होतो. तुला पक्ष नव्हता? शर्टाच्या खिशाला पक्षाचा बिल्ला लावल्याशिवाय तू चहाच्या टपरीवरसुद्धा जात नव्हतास. आणि तुझा फोटो? कराडच्या फोटोवाल्याकडून तो मोठा करून आणताना त्यांनी त्यातला बिल्ला ब्रशनं घालवून टाकला होता. खिशाच्या जागी नुसता पांढरा डाग. मेलेल्या माणसाच्या छातीवरचा बिल्ला काढणारी ही माणसं, आणि त्यांच्या शेजारी संस्थेचा सचिव म्हणून बसलेला मी.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठलो, घसा बसलाय म्हणालो आणि खाली बसलो. घसा बसला नव्हता. जे बोलायचं होतं ते माइकवर बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून आज घरी लिहायला बसलो. आता तू मध्येच तोडू शकत नाहीस, एवढीच सोय.

आधी तुझ्यावरचाच राग काढतो. आठ महिने तू माझ्याशी बोलला नाहीस. समोरून मी आलो की तू ओढ्याची वाट धरायचास. बोलला असतास, चार शिव्या हासडल्या असत्यास, माझ्या दारात उभं राहून गावाला ऐकू जाईल असं ओरडला असतास, तर मी काहीतरी बोललो असतो. तू फौजेत कारकुनी करून आलेला माणूस. शिस्तीत गप्प बसलास. तुझ्या त्या गप्प बसण्यानं मला जेवढं जाळलं तेवढं कुणाच्या शिव्यांनी जाळलं नसतं.

सगळं सुरू झालं ते एका पक्क्या प्रतीपासून. आठवतंय ना? गावानं श्रमदानानं हायस्कूल बांधलं, संस्था नोंदवायची ठरली, आणि घटना लिहायचं काम माझ्याकडे आलं. तू रजेवर आला होतास. तुझ्यासारखं अक्षर पंचक्रोशीत नव्हतं. लहानपणी मास्तर तुला व्हरांड्यात बसवायचे आणि आम्हाला वर्गात, पण कित्ता मात्र तुझा गिरवायला लावायचे. तुझी पाटी तू उंबऱ्यावर ठेवायचास आणि मी उचलायचो. हातातून हातात द्यायची नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही इथंच लिहून टाकतो.

तर मी मसुदा सांगत होतो आणि तू टाकानं लिहीत होतास. आपल्या आडव्या निवडीचा मला केवढा अभिमान! पाच वाड्या आणि गावठाण, अशा सहा ठिकाणांनी कार्यकारी मंडळावर माणूस द्यायचा. पण आपल्या वाडीचा नाही, शेजारच्या वाडीचा. वरच्या वाडीनं गावठाणातला सांगायचा, गावठाणानं माळवाडीतला, असं फिरत जायचं. म्हणजे 'आमचा माणूस' म्हणायची सोयच कुणाला नाही. मत नाही, मोजणी नाही, भांडण नाही. दर तीन वर्षांनी चिंचेखाली बसायचं, सहा नावं घ्यायची, गूळ वाटायचा आणि ऊस तोडायला जायचं. कुठं पुस्तकात वाचून काढलेलं नाही, आपल्या म्हाताऱ्यांनी डोकं लावून काढलं होतं.

सहावं नाव लिहून तू टाक उचललास.

"सातवं रं, शंकऱ्या?"

"कसलं सातवं?"

"आमच्या वस्तीचं. वड्याच्या पल्याड आमी ऱ्हातोय न्हवं?"

"ती गावठाणातच आली की गड्या. येगळं कशाला काढायचं? आता का आपुन जुन्या काळात हाय?"

तू माझ्याकडे क्षणभर बघितलंस. मग टाक दौतीत बुडवून पुढचं कलम लिहायला घेतलंस. मला वाटलं, तुला पटलं. मी अगदी मोठ्या मनाचा माणूस असल्यासारखा बोललो होतो रे! वेगळं काढायचं नाही म्हणे. आणि त्या दिवसापासून वस्तीनं कुणाचं नाव सांगायचं नाही आणि वस्तीतलं नाव कुणी सांगायचं नाही, असा कायदा झाला. लिहिला तू, तुझ्या मोत्यासारख्या अक्षरात. लिहवून मी घेतला.

त्या यादीनं काय केलं ते मला उशिरा कळलं, म्हणजे कळत होतं पण वळत नव्हतं. शाळेत शनिवारी वर्ग झाडायची पाळी वाड्यांप्रमाणे लागायची, घटनेतल्या यादीबरहुकूम. सहा ठिकाणं, सहा शनिवार. प्रत्येक वाडीच्या मुलांना दीड महिन्यातून एकदा केरसुणी. वस्तीच्या मुलांचं नाव यादीत नाही, मग त्यांना पाळी कुठली लावणार? हेडमास्तरांनी तोड काढली, त्यांनी आवार झाडावं आणि मुतारीत पाणी ओतावं. पाळी नाही म्हणून दर शनिवारी. एक हेडमास्तर गेले, दुसरे आले, तिसरे आले, तोड तीच राहिली. तुझी सुमनही तेच करत अकरावी झाली. खराटा टाकून, हात धुऊन पहिल्या बाकावर येऊन बसायची आणि माझ्या पोराच्या वरचा नंबर काढायची.

पेन्शनीत आल्यावर तू दोन वेळा संस्थेला अर्ज दिलास. सातवं नाव घाला, आमच्या पोरांना पाळी लावा. दोन्ही वेळा मी तुझा अर्ज सभेपुढे ठेवला, दोन्ही वेळा सगळे म्हणाले, "योग्य वेळी विचार करू," आणि मी ते इतिवृत्तात लिहिलं. घटना दुरुस्त करायची म्हणजे केवढं काम, असं मी तुला सांगितलं. तू ऐकून घेतलंस.

मग आणीबाणी उठली, पक्ष फुटले, आणि जे साखर कारखान्यात नि पंचायत समितीत चाललं होतं ते आपल्या चिंचेखाली येऊन पोचलं. फुटून निघालेल्यांनी जाहीर केलं की या खेपेला शाळेची निवडणूक ते पॅनेल करून लढवणार, आपल्या चिन्हावर. कुणी मतदान मागितलं तर ते घ्यावंच लागतं, आणि त्यात कुठल्याही सभासदाला उभं राहता येतं. आणि त्यांच्या पॅनेलमध्ये तुझं नाव! तू उमेदवारीचा अर्ज न्यायला शाळेच्या कचेरीत आलास तेव्हा मी पेटूनच बसलो होतो.

"शाळंत पक्ष आणतोस? तू? लाज न्हाई वाटत?"

"कशाची लाज रं?"

"शेजारच्या गावात काय झालं ठावं हाय न्हवं? पक्ष शिरला आन् पंधरा आगष्टला दोन अध्यक्ष, दोन झेंडं. कुठल्या झेंड्याला सलामी द्यायची म्हणून पोरं पावसात तासभर हुबी. गणिताचा मास्तर चांगला शिकवत हुता, त्यो दुसऱ्या पार्टीचा म्हणून काढला. त्येच पायजे व्हय हितं?"

हे खोटं नव्हतं, गणू. आजही नाही. तुझ्या प्रेताला हात लावून आलोय म्हणून माझं मत बदललंय असं समजू नकोस.

तू खुर्ची ओढून बसलास, फार शांतपणे. "शंकर, तुला पक्ष लागत न्हाई, कारण तुझी वाडीच तुझा पक्ष हाय. तू चिचंखाली बसलास की पाच माणसं तुझ्या बाजूची आपसूक हायती. आमी कुणाच्या बाजूला बसायचं? पक्षवाला चांगला हाय म्हणून मी ग्येलो न्हाई. त्याला मतं लागत्यात. मतं लागत्यात म्हणून त्यो वडा वलांडून आमच्या दारात आला. तू कवा आलास?"

ज्याच्याकडे उत्तर नसतं तो काय करतो? खालच्या थराला जातो. मी गेलो. मी म्हणालो, "सरळ सांग की, लेकीला शाळंत चिकटवायची हाय म्हणून ह्ये सगळं चाललंय."

सुमन तेव्हा नुकतीच बी.एड. झाली होती. तू उठलास, अर्जाचा कागद घडी न घालता हातात धरलास आणि दारातून म्हणालास, "माझी लेक तुमच्या शाळंत पाय ठिवणार न्हाई. पर तिनं झाडल्यालं आवार तुमच्या पोरांनी झाडल्यालं मी बघणार." तिनं सांगलीला विश्रामबागेतल्या शाळेत नोकरी धरली, आपल्या हिमतीवर. माझे शब्द माझ्या तोंडात शेणासारखे राहिले. माफी मागायला ओढा ओलांडायला हवा होता, तो मी ओलांडला नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते लिहितो. आतापर्यंत नुसताच वळसा घालत होतो.

माघारीचा शेवटचा दिवस. निवडणूक अधिकारी मीच. सकाळी तुझ्या पक्षाच्या माणसानं तुला सांगितलं की छापखान्यात तुझी पत्रकं तयार आहेत, जाऊन घेऊन ये. तू पहिल्या एस.टी.नं कराडला गेलास. इकडे दुपारी दोन वाजता दोन्ही पक्षांचे पुढारी एकाच जीपमधून उतरले. मला वाटलं, मारामारी होते की काय! कसली मारामारी, दोघं हसत होते. साताऱ्याला वरच्या पातळीवर त्यांची तडजोड झाली होती. पंचायत समिती यांना, शाळा त्यांना, कसलं कसलं वाटप. त्यांनी माझ्यासमोर माघारीच्या अर्जांची चळत ठेवली. "सचिवसाहेब, तुमच्या मनासारखं झालं. शाळेत राजकारण नको म्हणत होता ना? घ्या, बिनविरोध!"

मी एकेक अर्ज तपासत गेलो. चौथा तुझा होता. खाली सही तुझी, तीच ती गच्च, सरळ सही. आणि वर लिहिलेलं, 'मी राजीखुशीने माझी उमेदवारी मागे घेत आहे.' तिरकं, घाईचं, गिचमिड अक्षर. शाईसुद्धा दुसरी. गणू, तुझं अक्षर या जगात सगळ्यात जास्त कुणी बघितलं असेल तर ते मी. उंबऱ्यावरची पाटी उचलल्यापासून बघतोय. एका नजरेत मला कळलं की उमेदवारी देतानाच त्यांनी तुझ्याकडून कोऱ्या माघारीच्या अर्जावर सही घेऊन ठेवली होती. सगळ्यांकडून घेतात, रीत आहे म्हणे. पक्षाशी इमानाची खूण! फौजेतून आलेला तू, वरच्यानं मागितली म्हणून देऊन बसलास. टाकाचा कारकून असून कोऱ्या कागदावर सही केलीस? दुसऱ्याच्या अर्जावर काना राहिला तरी परत पाठवणारा माणूस तू! याचा रागसुद्धा मला अजून जात नाही.

पण त्यांच्यापेक्षा, तुझ्यापेक्षा, राग माझा. ते अक्षर तुझं नाही हे मला माहीत होतं. 'उमेदवार समक्ष हवा' एवढं म्हटलं असतं तर अर्ज तिथंच थांबला असता. तुझी एस.टी. पाचला येणार होती, माघारीची मुदतही पाचचीच. तू तरी एकटा उभा राहिला असतास, मतदान झालं असतं. मी हातातला शिक्का बघितला आणि मला काय दिसलं सांगू? चिंच दिसली. गूळ दिसला. म्हाताऱ्यांची रीत माझ्या हातून मोडली नाही, असं समाधान वाटलं. मी शिक्का मारला.

तू पाचच्या गाडीनं उतरलास, काखेत पत्रकांचा गठ्ठा. वर मोठ्या ठशात तुझं नाव, खाली एकच मागणी: सातवं नाव, सातवी पाळी. बाहेर गूळ वाटून झाला होता. तू कचेरीत आलास, अर्ज मागून घेतलास, उजेडाकडे धरून वाचलास.

"सही माझी हाय," तू म्हणालास. "अक्षर कुणाचं हाय रं?"

"नियमात बसतंय," मी म्हणालो.

आपल्या पन्नास वर्षांच्या ओळखीतलं माझं शेवटचं खरं वाक्य हे. 'नियमात बसतंय.' तू अर्ज माझ्या टेबलावर ठेवलास. हातात दिला नाहीस, ठेवलास. मला तेव्हा उंबऱ्यावरची पाटी आठवली.

तुझ्या पत्रकांच्या पाठी कोऱ्या होत्या. तुझ्या घरच्या पारूवहिनी शोकसभा संपल्यावर सांगत होत्या की तू रोज दुपारी वस्तीतली मुलं बसवून त्या पाठींवर अक्षर गिरवून घ्यायचास. मला हे ऐकवेना. मी तिथून उठून आलो.

महिन्याभरापूर्वी तुला सांगलीला दवाखान्यात नेल्याचं कळलं आणि मी गेलो. सुमननं मला स्टूल दिलं. तू डोळे उघडलेस. मी उसाला तुरा आल्याचं सांगितलं. यंदा कारखाना लवकर सुरू होणार म्हणालो. एस.टी.ला गर्दी होती म्हणालो. अर्धा तास बसलो आणि जे सांगायला सहा गावं ओलांडून गेलो होतो ते सोडून सगळं सांगितलं. निघताना तू माझं मनगट धरलंस. आठ महिन्यांनी पहिल्यांदा बोललास, "पक्ष वंगाळ निघाला, शंकर. पर माझं म्हणणं वंगाळ न्हवतं." मी हो म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "आता ईश्रांती घे." थू माझ्या जिनगानीवर!

तू गेलास त्या आठवड्यातला शनिवार. मी शाळेत गेलो. वस्तीची मुलं आवार झाडत होती. मी कचेरीत बसलो आणि हेडमास्तरांना दोन ओळींची चिठ्ठी लिहिली: वस्तीची सातवी पाळी धरावी, आवार व मुतारी सर्वांनी पाळीप्रमाणे करावी. सही केली. हेडमास्तरांनी वाचली, बरं म्हणाले, फळ्यावर नवी पाळी लावली. झालं. घटना दुरुस्त करावी लागली नाही, सभा घ्यावी लागली नाही. दोन ओळी, गणू! इतकी वर्षं हे दोन ओळींचं काम माझ्या खिशातल्या पेनात होतं आणि मी तुला योग्य वेळ दाखवत होतो. का केलं नाही? कारण मला कुणी भाग पाडत नव्हतं. मला तुझं मत लागत नव्हतं. तू खुर्ची ओढून जे सांगितलंस ते हेच, आणि ते खरं आहे हे मीच सिद्ध करून दाखवलं.

काल तुझा जलदान विधी झाला. मांडव उतरल्यावर मी ओढा ओलांडून वस्तीत आलो. सुमन दारातच बसली होती. मी तिच्यापुढे कागद ठेवला. धर्मादाय कचेरीला लिहिलेला अर्ज होता: माघारीच्या अर्जातलं अक्षर गणपतचं नव्हतं, ते मला शिक्का मारण्याआधी ठाऊक होतं, निवड रद्द करावी, वस्तीचं नाव सातवं म्हणून घालून मतदान घ्यावं, आणि मला सचिवपदावरून दूर करावं. तिनं सगळं वाचलं. चेहरा हलला नाही. तुझीच लेक.

"काका, ही शेवटची वळ काय हाय?"

शेवटी मी लिहिलं होतं, 'सदर निवडणूक पक्षविरहित घ्यावी.'

"माझं मत हाय त्ये," मी म्हणालो.

"बाबा असते तर काय म्हनले असते?"

"भांडला असता."

"मग त्ये न्हाईत तवाच घालताय व्हय?" तिचा आवाज चढला. "आवं, त्येंच्या कागदावर त्येंच्या माघारी एकदा लिवलंय की लोकांनी. तुमीबी लिवताय?"

शोकसभेत त्यांनी तुझा बिल्ला ब्रशनं घालवला म्हणून मी दातओठ खात होतो आणि माझ्या खिशातही तसलाच ब्रश होता. मी पेन काढून ती ओळ खोडली. रागानं खोडली, कागद जरा फाटला.

"तू हुबी ऱ्हाणार?" मी विचारलं.

"ऱ्हाणार. बिल्ला लावून. बाबांच्या पक्षाचा न्हाई, कुठला त्ये अजून बघत्ये. पर लावून."

"मी इरोधात बोलणार," मी म्हणालो. "शाळंत पक्ष नको म्हणून चिचंखाली हुबा राहून सांगणार."

"सांगा की. मी हाय तिथं ऐकायला."

मग तिनं कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला, खोडलेल्या ओळीच्या दोन्ही टोकांना माझ्याकडून नावाची आद्याक्षरं घालून घेतली, तारीख घालायला लावली, आणि खालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"आता करा सही, काका. कागद भरल्याला हाय."